नेरच्या कॅप्टनबाई

यवतमाळच्या मोटार स्टँडवर मी वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. नेरची गाडी आत आली, माणसं उतरू लागली आणि दारात उभ्या असलेल्या कंडक्टरनं मला ओळखलं. त्याची धाकटी बहीण एके काळी नेरच्या शाळेत आमच्या गाईड पथकात होती. तो खाली उतरला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या कॅप्टनबाई गेल्या जी… परवाच्या दिशी." शब्द कानावर पडले, पण अर्थ पोचला नाही. मी विचारलं, "कुठं गेल्या?" त्यानं आपल्या गाडीकडे हात केला. मग हळूच म्हणाला, "हेच गाडी वापस जाते नेरले. बसता काय?" मी बसले. वर्ध्याला कशासाठी निघाले होते, ते नेर येईपर्यंत आठवलंसुद्धा नाही.

यमुनाबाई गावंडे. नेरात त्यांना या नावानं कुणी हाक मारत नसे. गाव त्यांना कॅप्टनबाई म्हणे, मी यमूताई म्हणत असे. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, उंच, सावळी, चालताना नेहमी मान थोडी तिरकी. जणू कुणी मागून काही सांगतंय आणि ती ते ऐकत चालली आहे. भाद्रपदात कावीळ झाली, आधी घरचं औषध झालं, मग यवतमाळचा दवाखाना झाला, आणि महिन्याच्या आत सगळं आटोपलं. पन्नाशीही गाठली नव्हती. शेवटची भेट दवाखान्यातच झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज खोल गेलेला, आणि पहिला प्रश्न मला विचारला तो असा, "कमल, हे पिवळं दिसते का व मले? का फक्त तुमालेच मी पिवळी दिसतो?" मी म्हटलं, तूच सांग. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, खाटेवरच्या चादरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाई. मले पांढरं पांढरंच दिसते." एवढी साधी गोष्ट तपासून पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, तेच माझ्या मनात शेवटचं म्हणून राहिलं आहे.

छप्पनच्या शेवटी वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि पुढच्याच वर्षी नेरच्या आमच्या मुलींच्या शाळेत गाईडचं पथक काढायचं ठरलं. मी नवी शिक्षिका, मागं घरचा व्याप नाही, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. कवायतीचे हुकूम हिंदीत, नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि मुली वऱ्हाडी बोलणाऱ्या… 'सावधान' म्हटलं की अर्ध्या मुली ताठ उभ्या राहत आणि अर्ध्या घाबरून मागं वळून पाहत. एका शनिवारी लिंबाच्या झाडाखाली मी त्यांना दोराची गाठ शिकवत होते. मला तेव्हा एकच गाठ येत होती. कुंपणापलीकडे डोक्यावर भाजीची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "बाई, हे गाठ सरकत काहून नाई?"

मी म्हटलं, "पक्की गाठ आहे ती."

"थे दिसलं मले. पन काहून पक्की? हे बाकीच्या गाठी तं सरकतात."

मला सांगता येईना. पुस्तकात कशी बांधायची तेवढंच दिलं होतं. ती आत आली, टोपली उतरवली, फतकल मारून बसली आणि तो दोर हातात घेऊन बांधत-सोडत राहिली. मुली तिच्याभोवती जमल्या. कुणी म्हणे दोर जाड आहे म्हणून, कुणी म्हणे दोन्ही टोकं एकमेकांना दाबतात म्हणून. शाळेची घंटा झाली तरी वाद संपेना. पुढच्या शनिवारी ती टोपलीशिवाय आली. तीच यमूताई.

पथकाला माझ्याखेरीज आणखी एक मोठी बाई हवी होती. शिक्षिकांपैकी कुणी तयार नव्हतं. मी यमूताईला विचारलं तेव्हा तिनं आधी घरी विचारते असं म्हटलं. तिचे यजमान नारायणराव गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि बांधलेली एखादी आजारी गाय कायमची पाहुणी. नारायणरावांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, असं तीच सांगत असे. म्हणाले, "जाय ना. शनिवारी मी टाकीन भाकरी." सातवी पास झालेली, कधी नेराबाहेर एकटी न गेलेली ही बाई अमरावतीला प्रशिक्षणाला गेली आणि गळ्यात शिट्टी घालून परत आली. तिचा हुद्दा कॅप्टन, माझा लेफ्टनंट. गावाला नुसती मजा. "नेरात पलटन आली" म्हणून बाजारात हसायचे. नारायणरावांना कुणी विचारलं, बायको कॅप्टन झाली, आता सलाम ठोकता का? ते म्हणाले, "ठोकतो ना. रोजच."

मला नेहमी वाटे, तिनं हे का पत्करलं असेल? पगार नाही, मान नाही, उलट चारचौघींचे टोमणे. पुष्कळ वर्षांनी मी विचारलंही. ती म्हणाली, "आमच्या घरी म्या काई इचारलं का माय म्हने, तुले काय कराचं आहे? सासरी आलो, इथंबी थेच. मंग तुमच्या शाळेत पाह्यलं, का इथं पोट्ट्यायले इचारासाठीच जमा करतात." तिच्या डोक्यात पथक म्हणजे हे होतं. विचारण्याची जागा. ती स्वतः होऊन मुलींना काही सांगत नसे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे एकाच अंगाला का लटकतात, यावर आम्ही अख्खा पावसाळा दर शनिवारी विहिरीवर गेलो. जिनिंगमध्ये सरकी कापसातून सुटते कशी ते पाहायला गेलो, तेव्हा तिथल्या फिटरला तिनं इतकं विचारलं की त्यानं हात जोडून यंत्रच बंद केलं आणि म्हणाला, "या, बाई, आत डोकावून पाहून घ्या एकदाचं."

त्या पथकात दोन मुली अशा होत्या, की शनिवारी येत पण तोंड उघडत नसत. एक झमकू राठोड, गावाजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, नायकाची मुलगी. दुसरी सोना मडावी, तिचे वडील जंगल खात्यात नाकेदार, घरी गोंडी बोलणारे. शाळेत एखादा घरचा शब्द निसटला की वर्ग हसायचा, म्हणून दोघींनी मोजकं बोलायची सवय लावून घेतली होती. यमूताई त्यांच्याकडे पाहून मला म्हणे, "यायच्या डोक्यात काय चालते व? मराठीत चालते का त्यायच्या बोलीत?" मला कधी हा प्रश्न पडलाच नव्हता.

मग ती माघातली जत्रा आली. गावाबाहेर ओढ्याच्या काठी भरायची. फौजदारसाहेबांनी पथकाला काम दिलं, हरवलेली मुलं सांभाळायचं. पालाचा एक तंबू, पाण्याचा माठ, मुरमुऱ्यांचं पोतं आणि लाउडस्पीकरवाल्यापर्यंत धावत जाऊन नावं सांगणाऱ्या मुली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं मजेत चाललं. मुलं यायची, रडायची, आया यायच्या, आधी मुलाला धपाटा घालायच्या आणि मग कवटाळायच्या. तेवढ्यात एका मुलीनं एक पोर आणून बसवली. चार-पाच वर्षांची. अंगावर मोठ्या माणसाच्या सदऱ्याचा तुकडा, केसांत बांबूची सुकलेली पानं, पाय धुळीनं पांढरे. रडून रडून आवाज बसलेला. नाव विचारलं, गाव विचारलं, आईचं नाव विचारलं. काही नाही. डोळे फक्त एकाकडून दुसऱ्याकडे. मुरमुरे दिले, तिनं घेतले नाहीत. गुळाचा खडा दिला, तो मुठीत धरून ठेवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ईर."

"इरा!" मुली एकदम ओरडल्या. "बाई, इरा नाव हाये तिचं!" आम्हांला हायसं वाटलं. कुणीतरी माठातलं पाणी आणून दिलं, इतर मुलांना देत होतो तसंच, आणि तिनं गटागटा तांब्या रिकामा केला. लाउडस्पीकरवरून हाक गेली, इरा नावाची मुलगी सापडली आहे. संध्याकाळपर्यंत तिला न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जत्रा उठली. फौजदार म्हणाले, अमरावतीच्या अनाथालयाला कळवतो, त्यांचा माणूस येईपर्यंत कॅप्टनबाईंकडे राहू द्या.

ती यमूताईच्या घरी गेली आणि त्या घराचा रंगच पालटला. नारायणरावांनी आढ्याला दोर बांधून झोपाळा केला. दवाखान्यात जाताना तिला खांद्यावर बसवून नेऊ लागले. वासराला बाटलीनं दूध पाजताना ती बाटलीचं दुसरं टोक धरायची. ती बोलत नसे, पण हसायला लागली होती. गल्लीतल्या बाया येऊन यमूताईला म्हणत, "देवानंच धाडली व तुमच्यासाठी." मी शनिवारी गेले तेव्हा नारायणराव ओट्यावर बसून तिच्या केसांना तेल लावत होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, तुमी सांगून पाहा यमेले. अनाथालयात कायले धाडाची? आपल्या घरी हाये थे बरी हाये." यमूताई आत चुलीपुढे होती. तिला ऐकू गेलं होतं. ती भाकऱ्या थापतच राहिली. मला वाटलं, तिचंही मन तिकडेच झुकलं आहे. झुकलं असतं तर त्यात काय वाईट होतं?

त्याच दुपारी पथकाच्या मुली इराला भेटायला म्हणून तिच्या अंगणात जमल्या. यमूताईनं त्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, "आपल्याले हिच्याशी बोलता येत नाई. मराठीत बोलून पाह्यलं, हिंदीत पाह्यलं. आता तुमच्यापैकी कोनाच्या घरी दुसरी बोली हाये?" झमकू खाली पाहून माती उकरत होती. यमूताईनं तिचं नाव घेतलं नाही. नुसती थांबली… बराच वेळ थांबली. शेवटी झमकू उठली, इरापुढे उकिडवी बसली आणि कुणाला ऐकू येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तार नाम कांई छ?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. झमकूचं तोंड लाल झालं.

"हासून कोन राह्यलं?" यमूताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. "तुमाले समजलं का थे काय म्हने? मले नाई समजलं. झमकू, सांग बरं मले."

"तुजं नाव काय, असं म्हटलं जी."

"आन् माय कोठी हाये, असं इचाराचं असन तं?"

"याडी कत छ."

यमूताईनं ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. "याडी. म्हंजे माय. बापा, किती ग्वाड शब्द हाये!" तिनं सगळ्यांना तो म्हणायला लावला. पण इरावर काहीच परिणाम झाला नाही. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे होतं. ती उठली, बादलीजवळ गेली, काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "ईर."

सोना मडावी त्या दिवसापर्यंत पथकात स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती. ती ताडकन उभी राहिली. "बाई… तिचं नाव नाई इरा. थे पानी मागून राह्यली. आमी पान्याले येर म्हन्तो. थे ईर म्हन्ते. आमच्यासारखंच हाये, पन आमचं नाई."

मला तो क्षण अजून दिसतो. आम्ही सगळा आठवडा त्या पोरीला 'पाणी, पाणी' अशी हाक मारत होतो, आणि ती प्रत्येक हाकेला वर पाहत होती, कुणीतरी पाणी देतंय का म्हणून. यमूताईनं तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि तिच्याजवळ खाली बसून म्हणाली, "ईर." पोरीनं तांब्या धरला पण प्यायली नाही. यमूताईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिच्या मांडीवर चढून बसली आणि तिथं बसून पाणी प्यायली.

सोनाच्या वडिलांना बोलावलं. नाकेदार मडावी पोरीचे दोन-चार शब्द ऐकून म्हणाले, "हे कोलामाची बोली हाये, बाई. मले थोडी थोडी समजते. कोलाम इकडे नाई जास्त. गंज दूर, झरी-जामणीच्या रानात हायेत. तठी बांबूच्या तोडीचं कूप चालू हाये. तठूनच ट्रक येते नेरच्या टालीवर." तिच्या केसांतल्या पानांचा अर्थ आता लागला. टालीवर, म्हणजे बांबूच्या वखारीत, विचारलं तेव्हा कळलं, जत्रेच्या पहिल्याच दिवशी बांबूचा ट्रक येऊन गेला होता.

त्या संध्याकाळी नारायणराव जेवले नाहीत. मी तिथंच होते. ते म्हणाले, "यमे, येवढ्या रानात कोठी शोधता तिची माय? मेलीबी असन. नसन तं टाकून देल्ली असन. लोक टाकून देत नाई काय?"

"देतात ना," यमूताई म्हणाली. "पन हिले टाकली का हे हरपली, हे तुमाले माहीत हाये? मले नाई माहीत. मी पाहून येतो."

"आन् भेटली तं?"

यमूताईनं भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली. ती फुगल्यावर उलटली. मग म्हणाली, "भेटली तं तिची हाये. नाई भेटली तं मी अनाथालयवाल्याले दारातूनच वापस धाडतो. मंग हे आपली." नारायणराव उठून गोठ्यात गेले. तिनं भाकरी ताटात ठेवली आणि पदरानं डोळे पुसले, धुरानं असतील कदाचित. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं ती नक्की म्हणाली असती.

फौजदार आधी तयार नव्हते. "बाई, तुम्ही काय खरोखर लष्करात आहात का?" असं हसून म्हणाले. पण नाकेदार सोबत येतोय म्हटल्यावर परवानगी दिली. निघताना नारायणरावांनी पोरीच्या अंगात नवा फ्रॉक घातला, स्वतः पसंत करून आणलेला, लाल फुलांचा. गाडी हलली तरी ते हात वर करून उभेच होते. यमूताई, मी, मडावी, सोना आणि ती पोर, असे आम्ही यवतमाळवरून पांढरकवड्याला गेलो, आणि तिथून बांबू भरायला जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून रानात. तो ट्रक तोच, हे पोरीनं आम्हांला सांगितलं. तिला तसं सांगावंही लागलं नाही. ड्रायव्हरला पाहिलं आणि ती यमूताईच्या पदरात शिरली. ड्रायव्हर तिला पाहून पांढराफटक पडला. हात जोडून म्हणाला, "माँ कसम, बाई, मले पताच नोता. पहाटे निंगालो, थंडीत हे पोरगी पोत्यायखाली झोपली होती. नेरले माल उतरवला तवा दिसली. लोक पोरचोर म्हनून मारतीन या भेवानं जत्रेत सोडून पळालो." मडावी त्याच्यावर धावून गेले. यमूताई त्यांना थांबवून ड्रायव्हरला म्हणाली, "मंग आता कोन्या जागी भरला होता माल, थे जागा दाखव."

वाट संपली तिथून आम्ही पायी निघालो. सागाची पानं पायाखाली वाजत होती. पहिल्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आम्हांला पाहून बायका-मुलं घरांत शिरली. गाईडच्या निळ्या साडीतल्या, शिट्टीवाल्या दोन बाया आणि खाकीतला नाकेदार… त्यांना काय वाटलं असेल? मडावींनी एका म्हाताऱ्याला गोंडीत विचारलं. त्यानं पोरीला निरखून पाहिलं आणि टेकडीपलीकडे हात केला.

टेकडी उतरताना ती पोर मडावींच्या खांद्यावर होती. खाली बांबूच्या कुडांची दहा-बारा घरं दिसली, कुत्रं भुंकलं, आणि ती बोलायला लागली. मी 'बोलायला लागली' म्हणते, पण ते तसं नव्हतं. बांध फुटावा तसं झालं. जिच्या तोंडून आम्ही दोन-चार शब्दांपलीकडे काही ऐकलं नव्हतं, ती हातवारे करत, श्वास न घेता, एकामागून एक सांगत सुटली. ट्रक सांगत असेल, जत्रा सांगत असेल, वासरू, झोपाळा… आम्हांला एक अक्षर कळत नव्हतं. यमूताई वाटेतच थांबली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ऐकते का, कमल? येवढं सारं होतं तिच्यापाशी. येवढं सारं!"

पोडातून एक म्हातारी धावत आली आणि तिनं पोरीला खांद्यावरून ओढूनच घेतलं. आई तिथं नव्हती. पोर हरवल्यापासून ती ट्रकच्या चाकोरीनं पुन्हा पुन्हा निघायची, पांढरकवड्यापर्यंत जाऊन यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेनं विचारायची. मराठी तिला येत नव्हती, आणि तिची बोली बाजारात कुणाला येत नव्हती. आम्ही आलो त्याच रस्त्यावर ती कुठंतरी असणार होती. आम्ही चावडीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर ती आली. बारीक अंगाची, माझ्याहून लहान असेल. कुणीतरी वाटेतच सांगितलं असावं, पण ती पळत आली नाही. चालत आली, पोरीपुढे बसली, तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तळवे पाहू लागली. मग हाताची बोटं. मग कान. लाल फुलांचा फ्रॉक तिनं वर करून पाठ पाहिली, पोट पाहिलं. सगळं जागेवर आहे हे कळल्यावर तिनं पोरीला छातीशी धरलं, आणि मग जो आवाज तिच्या तोंडून निघाला, तो कोणत्याच बोलीतला नव्हता.

शांत झाल्यावर तिनं यमूताईकडे पाहून काहीतरी विचारलं. मडावी म्हणाले, "थे इचारते, हे आमची हाये हे तुमाले समजलं कसं?"

यमूताई पुढे झाली. म्हणाली, "ईर."

ती बाई तोंडावर पदर धरून हसायला लागली, रडता रडता हसायला लागली, आणि आत जाऊन भोपळ्याच्या तुंब्यातलं थंड पाणी घेऊन आली. पोरीचं नाव भीमी होतं.

निघताना भीमी आईच्या कडेवर होती, तोंड आईच्या मानेत. तिनं आमच्याकडे वळून पाहिलं नाही. टेकडीवर चढल्यावर यमूताईनं एकदा मागं पाहिलं. मी म्हटलं, "एकदा तरी बघायला हवं होतं तिनं." ती म्हणाली, "कायले? तिले आता सारं तिथंच हाये." आणि पुढे चालू लागली. पांढरकवड्यापर्यंत ती सोनाला गोंडी शब्द विचारत होती. एक संपला की दुसरा. मला वाटतं, थांबली असती तर रडली असती.

नेरात गाडीतून उतरलो तेव्हा नारायणराव स्टँडवरच होते. आमच्या हातांकडे पाहिलं, हात रिकामे होते. "भेटली माय?" त्यांनी विचारलं. "भेटली." "बरं झालं," म्हणाले, आणि आमच्या पिशव्या उचलल्या. झोपाळा त्यांनी सोडला नाही. पुढे कितीतरी वर्षं पथकाच्या मुली त्यावर बसायला कुणाची बारी म्हणून भांडत.

त्यानंतर पथक बदललं. कसं, ते नेमकं सांगता येत नाही. झमकूनं तांड्यावरून आणखी मुली आणल्या. काही वडिलांनी मुली काढून घेतल्या, "शाळेत शुद्ध भाषा शिकवायची सोडून हे काय जंगली बोली" म्हणून. एक प्रतिष्ठित गृहस्थ यमूताईच्या दारात येऊन चांगलेच बोलले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दादा, तुमच्या घरी आजी तव्याले काय म्हन्ते जी? माझी काईतरी येगळं म्हने." ते गृहस्थ संध्याकाळपर्यंत बसले होते. त्यांची मुलगी पुढच्या शनिवारी परत आली. माझी बदली यवतमाळला झाली, पथक मात्र तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

परवा दिवाळीआधी मी नेरला जाऊन आले. नारायणराव एकटेच घराला चुना मारत होते. पुढचं घर पांढरंशुभ्र झालं होतं. मागच्या खोलीत गेले आणि उभीच राहिले. तीन भिंती चुन्यानं ओल्या, आणि चौथी तशीच, काळीभोर. रानातून आल्यावर यमूताईनं त्या भिंतीवर कोळशानं लिहायला सुरुवात केली होती. मुलींनी घरून आणलेले शब्द. पाण्यासाठी, आईसाठी, पावसासाठी, झोपेसाठी. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले, गोंडीतले, कोलामीतले, तेलंगणातून आलेल्या एका न्हाव्याच्या मुलीचे, कुणाच्या वऱ्हाडी आजीचे. निरनिराळी अक्षरं, काही उंचावर, काही लहानग्यांनी अगदी जमिनीलगत लिहिलेली. प्रत्येकापुढे मराठीत अर्थ.

नारायणरावांनी मला एक शब्द दाखवला. अक्षर यमूताईचं. "झिरगुटी." पुढे अर्थ नव्हता.

"हे काय जी?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, झिऱ्याचं काही असेल, लहान झरा वगैरे.

"म्या इचारलं होतं तिले. हासली. म्हने, मलेबी माहीत नाई. बाजारात मागून कोनीतरी म्हनत गेलं, वळून पाह्यलं तं कोनी नोतं. झमकूले इचारलं, सोनाले इचारलं. त्यायचा नाई म्हन्तात." त्यांनी कुंचला बादलीत बुडवला आणि खिडकीच्या चौकटीकडे वळले. "राहू द्या हे भिंत. शनिवारी पोट्ट्या येतात अजून. एखादीले माहीत असन."

तेव्हापासून मी विचारत असते. वर्गात विचारलं, भाजीवालीला विचारलं, स्टँडवर त्या कंडक्टरलाही विचारलं. कुणी म्हणतं पाखरू असेल, कुणी म्हणतं रानभाजी. नक्की कुणालाच सांगता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात हा शब्द असेल, तर त्यांनी एकदा नेरला जावं. शनिवारी दुपारी दार उघडं असतं. कोळसा खिडकीत ठेवलेला आहे.